भोपाळातील बूर्बाँ घराणे

भोपाळ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो पहिला बाजीराव. डिसेंबर १७३७ मध्ये त्याने निजामाला याच गावी कोंडले, त्याची रसद तोडली आणि पुढील जानेवारीत दोराहासराईच्या तहाने माळव्यावरील आपला हक्क मान्य करून घेतला. ही हकीकत आम्ही शाळेपासून घोकीत आलो आहोत. परंतु भोपाळच्या जुन्या वस्तीत शौकत महालासमोर उभे राहिले म्हणजे वेगळ्याच इतिहासाची चाहूल लागते. या एकोणिसाव्या शतकातील वास्तूत इस्लामी घडण आणि युरोपी वळण एकमेकांत मिसळले आहे. तिचा आराखडा बूर्बाँ राजवंशातील एका फ्रेंच माणसाने केला, असे येथील लोक सांगतात. फ्रान्सच्या राजांचे नाव माळव्यात आले कसे?

बाजीराव भोपाळास होता तेव्हा फ्रान्समध्ये पंधरावा लुई या बूर्बाँ राजाची राजवट चालू होती. व्हर्सायच्या महालात राजाचे उठणे आणि निजणे हेसुद्धा दरबारी समारंभ असत. त्याच्या हाती सदरा कोणी द्यावा, याचाही मान ठरलेला असे. अठराव्या शतकातील युरोप म्हणून आम्हांस बहुधा एवढेच दाखविले जाते. पण त्याच काळी पॅरिसमध्ये शार्दँ नावाचा चित्रकार स्वयंपाकघरातील भांडी, फळे आणि कामकरी बाया रंगवीत होता. १७३९ सालच्या त्याच्या एका चित्रात बाजारातून आलेली मोलकरीण पावाचे मोठे गोळे फडताळावर ठेवून क्षणभर टेकली आहे. राजाच्या तसबिरीपेक्षा त्या शतकाचे सुखदुःख या चित्रात अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

त्या युरोपच्या नित्य जीवनात हिंदुस्थानही शिरलेला होता. येथील रंगीत छिटांची गोडी तेथे एवढी वाढली, की आपल्या विणकरांच्या रक्षणासाठी फ्रेंच सरकारने १६८६ साली त्यांवर बंदी घातली. लोक तरीही छिटे नेसत राहिले आणि अखेर १७५९ साली ती बंदी उठवावी लागली. १७८३ साली विजे-लब्राँ या चित्रकर्तीने राणी मारी आंत्वानेत हिचे साध्या मलमली पोशाखातील चित्र प्रदर्शनात मांडले, तेव्हा राणीला अंतर्वस्त्रांत दाखविले म्हणून ओरड झाली आणि ते काढून घ्यावे लागले. वस्त्रांचा हा प्रवास पश्चिमेकडे झाला. भोपाळचे बूर्बाँ घराणे हा माणसांचा उलट दिशेचा प्रवास होय.

त्या घराण्याची कुळकथा अशी, की त्यांचा मूळ पुरुष जाँ फिलिप सोळाव्या शतकात फ्रान्समधून निघून अकबराच्या दरबारी आला. त्याचा फ्रेंच राजकुळाशी असलेला संबंध इतिहासकारांना निर्विवादपणे सिद्ध करता आलेला नाही. त्याचे वंशज मोगलांच्या चाकरीत राहिले व पुढे नरवरजवळच्या शेरगढास वसले. १७७८ साली नरवरच्या राजाने त्यांच्यावर घाला घालून बहुतेकांना ठार केले, असे त्यांची परंपरा सांगते. वाचलेली माणसे ग्वाल्हेरच्या वाटेने भोपाळास आली. पंधराच वर्षांनी, २१ जानेवारी १७९३ रोजी, पॅरिसमध्ये सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला. पण तेथील बूर्बाँ सिंहासनासाठी बुडाले. येथील बूर्बाँना पोटासाठी पुन्हा चाकरी शोधावी लागली.

ती त्यांनी शोधली आणि इमानाने केली. साल्वादोर बूर्बाँ हा लोकांत इनायत मसीह झाला व बाल्थाझार बूर्बाँ शहजाद मसीह. १८१९ नंतर कुदसिया बेगमेच्या कारकीर्दीत शहजाद मसीहकडे राज्याचा कारभार आला. सर जॉन माल्कमच्या १८२३ सालच्या माळव्यावरील ग्रंथात त्याचा दोन्ही नावांनी उल्लेख आहे. या कुळात उर्दू कवीही निपजले. १८६० नंतरच्या दशकात लुई रूस्ले हा फ्रेंच प्रवासी भोपाळास आला, तेव्हा त्याला या घराण्याची प्रमुख स्त्री भेटली. फ्रेंच वाचकांपुढे त्याने तिला एलिझाबेथ द बूर्बाँ म्हणून मांडले; भोपाळकरांना मात्र ती ‘दुल्हन सरकार’ होती. धर्म कॅथॉलिक, सत्ता मुसलमान बेगमांची, बोली उर्दू आणि नाव फ्रेंच, असा तो संसार होता.

याच्या उलट उदाहरण महादजी शिंद्यांच्या पदरी सापडते. सव्हॉयचा द ब्वान्य १७८४ साली त्यांच्या चाकरीस राहिला, त्यांची कवायती पलटणे त्याने उभी केली आणि १७९६ च्या सुमारास अमाप संपत्तीसह तो युरोपास परतला. शांबेरी या त्याच्या जन्मगावी १८३८ साली उभारलेल्या त्याच्या स्मारकात चार हत्ती आहेत. त्याने हिंदुस्थानची आठवण नेली. बूर्बाँ येथलेच झाले.

२००७ साली ग्रीसच्या प्रिन्स मायकेलने या घराण्यावर फ्रेंचमध्ये कादंबरी लिहिली आणि ‘फ्रान्सच्या गादीचे खरे वारस भोपाळात’ अशी चर्चा वृत्तपत्रांतून रंगली. आम्हांस हा प्रश्न गौण वाटतो. गोव्याहून कारवार-मंगळुराकडे गेलेल्या आमच्या कितीतरी कुटुंबांनी देव, आडनाव आणि घरची भाषा जपली, पण ती नांदली नव्या गावच्या पाण्यावर. त्यांचा इतिहास वंशावळीच्या पहिल्या नावात जेवढा आहे, त्याहून अधिक तो परक्या गावात टिकवलेल्या विश्वासात आहे. भोपाळच्या बूर्बाँचेही तसेच. त्यांचे राजरक्त ठरो वा न ठरो, घरदार उद्ध्वस्त झाल्यावर परमुलखात येऊन एकाच पिढीत राज्याचा कारभार सोपवला जावा इतका भरवसा त्यांनी मिळविला, ही गोष्ट निश्चित आहे. आणि तिला फ्रान्सच्या दाखल्याची गरज नाही.