डोळ्याने स्वीकारलं, परिषदेने नाकारलं

बायोमटेरियल म्हणजे शरीरात बसवता येणारं बाहेरचं साहित्य. त्याच्या इतिहासात आपल्याला एका परिषदेपाशी थांबावंच लागतं: ऑक्सफर्ड, जुलै १९५१.

पार्श्वभूमी दुसऱ्या महायुद्धाची. विमानाचं अ‍ॅक्रिलिक छत फुटून ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत कण घुसत. हे कण आत राहूनही डोळा फारसा सुजत नाही, हे नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडली यांनी हेरलं. मोतीबिंदू काढल्यावर तेव्हा जाडजूड चष्मा नशिबी येई. मग अ‍ॅक्रिलिकचंच भिंग आत का बसवू नये? २९ नोव्हेंबर १९४९ला लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी ते बसवलं.

ऑक्सफर्डला ते रुग्णांसह गेले. स्वागत थंड झालं; काही ज्येष्ठांनी रुग्ण तपासायलाही नकार दिला. डोळ्यातलं परकं काढायचं की घालायचं, हा त्यांचा मुद्दा.

त्यांना आपण नुसते जुनाट म्हणून मोकळे होऊ नये. सुरुवातीची भिंगं जड होती, सरकत, दाहही होई. शंका रास्त होती. न बघण्याचा हट्ट मात्र नव्हता.

रिडलींना 'सर' किताब मिळाला २००० साली. आज आपल्या घरोघरच्या आजी-आजोबांच्या डोळ्यांत भिंग आहे, त्याचं मूळ हे.