सावंतवाडीच्या गंजिफा

पत्त्यांचा डाव म्हटला की आज बावन्न पाने डोळ्यांपुढे येतात: चौकोनी, छापील आणि जगभर एकाच घाटाची. परंतु महाराष्ट्रातील आणि कोकणातील जुन्या घरांतून याहून निराळी पाने एके काळी खेळली जात. ती वाटोळी असत, हाताने रंगविलेली असत, आणि त्यांवर बदाम-इस्पिकांऐवजी मासा, कासव, शंख, परशू, बाण अशी चिन्हे असत. त्यांना गंजिफा म्हणत. कागद, कापड, खळ आणि लाख एवढ्या साध्या सामग्रीतून उभी राहिलेली ही कला सावंतवाडीस अगदी मावळण्याच्या टोकापर्यंत गेली आणि तेथून परत आली. तिचा इतिहास केवळ एका करमणुकीचा इतिहास नव्हे. खेळ आणि खेळणे घडविणारा हात यांचे नाते तुटले म्हणजे काय होते, याचाही तो इतिहास आहे.

गंजिफा हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. हिंदुस्थानात या खेळाचा एक अगदी जुना लेखी उल्लेख सापडतो तो बाबराच्या आत्मचरित्रात. १५२७ साली बाबराने आग्र्याहून सिंधच्या शाह हुसेनाकडे गंजिफांचा एक डाव पाठविला. शाह हुसेनाला या खेळाचा फार नाद होता आणि त्याने तो मुद्दाम मागविला होता, असे बाबराने नमूद केले आहे. पानिपतची पहिली लढाई होऊन जेमतेम वर्ष लोटले होते. नव्या राज्याची घडी बसविण्यात गुंतलेल्या बादशहाने ही मागणी लक्षात ठेवून पुरी केली, यावरून त्या काळच्या राजेलोकांत गंजिफांची काय मातब्बरी होती हे दिसते.

बाबराच्या नातवाच्या काळी हा खेळ दरबारात चांगलाच रुजला होता. अबुल फझलाने ‘आईन-इ-अकबरी’ मध्ये त्याचे तपशीलवार वर्णन केले आहे. जुन्या डावात बारा रंग असून प्रत्येक रंगात बारा पाने असत. पहिला रंग अश्वपतीचा. त्याचा राजा दिल्लीच्या बादशहासारखा घोड्यावर बसलेला. दुसरा गजपतीचा, त्याचा राजा ओरिसाच्या राजासारखा हत्तीवर. तिसरा नरपतीचा; त्याचा राजा विजापूरच्या सुलतानासारखा सिंहासनावर. म्हणजे उत्तर, पूर्व आणि दक्षिण या तिन्ही दिशांची राज्ये एका डावात आणून बसविलेली होती. त्यापुढे गढपती, धनपती, दलपती, नौकापती अशी मालिका चाले आणि ती थेट वनचर आणि सर्प यांच्या अधिपतींपर्यंत जाऊन पोहोचे.

अकबराने या डावात फेरफार केले. मोगल गंजिफा म्हणून पुढे जो डाव सर्वत्र पसरला त्यात आठ रंग आणि शहाण्णव पाने असत. ताज म्हणजे मुकुट, सफेद म्हणजे रुप्याचे नाणे, शमशेर म्हणजे तरवार, गुलाम म्हणजे चाकर, चंग म्हणजे तंतुवाद्य, सुर्ख म्हणजे सोन्याचे नाणे, बरात म्हणजे पैसे देण्याचा लेखी हुकूम, आणि किमाश म्हणजे मालाची गाठोडी. ही यादी नीट पाहिली म्हणजे ध्यानात येते की येथे खजिना, शस्त्रागार, नोकरचाकर, संगीत, दफ्तर आणि कोठी अशी राजवाड्यातील खातीच पानांवर उतरली आहेत. मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘वरात’ हा शब्द वसुलावर दिलेल्या रकमेच्या चिठ्ठीसाठी येतो. तो याच ‘बरात’ शब्दाचा भाऊ होय. ज्या कारकुनाने दिवसभर दफ्तरात वराती लिहिल्या, त्याच्या हातात संध्याकाळी त्या पुन्हा पानांच्या रूपाने येत असत.

दक्षिणेत आणि पूर्वेकडे या दरबारी खेळाने निराळाच वेष घेतला. बादशाही खात्यांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले आणि दशावतारी गंजिफा जन्मास आल्या. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की असे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान व एकपासून दहापर्यंतची पाने, अशी एकूण एकशे वीस पाने झाली. राजाच्या पानावर तो तो अवतार. साध्या पानांवर त्याची खूण. मत्स्याची मासा, कूर्माची कासव, परशुरामाची परशू, रामाची बाण याप्रमाणे. बंगालमधील विष्णुपूर, ओरिसातील पुरी आणि कोकणातील सावंतवाडी ही एकमेकांपासून शेकडो कोस दूर असलेली ठिकाणे. पण तिन्ही ठिकाणी दशावतार पानांवर रंगले, आणि प्रत्येक ठिकाणी ते त्या त्या मातीच्या चित्रशैलीत रंगले.

या रूपांतराचे एक कारण सहज समजण्यासारखे आहे. पत्ते खेळणे हा आपल्याकडे नेहमीच थोडासा संशयाचा विषय राहिला आहे. डाव रंगला की पैजा लागतात आणि पैजा लागल्या की घरे बुडतात, हे वडीलधाऱ्यांनी पाहिलेले असे. परंतु प्रत्येक पान टाकताना देवाचे नाव घ्यावे लागत असेल, तर त्या खेळास सहसा कोणी हरकत घेत नाही. दशावतारी गंजिफांनी करमणुकीला नामस्मरणाची जोड दिली आणि ओसरीवर बसण्याची परवानगी मिळविली.

खेळ मात्र मुळीच सोपा नव्हता. तिघांनी खेळावयाचा म्हटले तर एकशे वीस पानांची वाटणी होऊन प्रत्येकाच्या हाती चाळीस पाने येत. त्यात आजच्याप्रमाणे एक रंग हुकमाचा ठरवून बाकीच्यांस मारण्याची सोय नाही. जो तो रंग आपल्यापुरता स्वतंत्र. निम्म्या रंगांत राजा-प्रधानांच्या खालोखाल दश्शी मोठी, तर उरलेल्या निम्म्यांत क्रम उलटा होऊन एक्का मोठा. आरंभ कोणी करावयाचा यासही नियम होता. दिवसा डाव मांडला तर ज्याच्या हाती राम असेल त्याने, आणि रात्री मांडला तर ज्याच्या हाती कृष्ण असेल त्याने सुरुवात करावयाची. सूर्यवंशातील राम दिवसाचा, आणि भर मध्यरात्री जन्मलेला कृष्ण रात्रीचा, ही योजना किती समर्पक आहे! कोणते पान पडले आणि कोणते अद्याप बाहेर आहे हे ज्याला अखेरपर्यंत स्मरते तोच जिंके. दैवापेक्षा स्मरणशक्तीचा कस पाहणारा हा खेळ होता.

सावंतवाडीस ही कला अठराव्या शतकात आली असे परंपरा सांगते. तिसरे खेमसावंत भोसले यांची कारकीर्द १७५५ पासून १८०३ पर्यंतची. त्यांच्या काळी तेलंगणातून आलेल्या विद्वान ब्राह्मणांनी गंजिफा सोबत आणल्या आणि त्या पाहून स्थानिक चितारी तशी पाने करू लागले, अशी हकीकत आहे. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडाची रंगीत खेळणी आणि फळे करणारी, लाखेचे काम जाणणारी घराणी होतीच. ब्रश, रंग आणि लाख ही तिन्ही ज्यांच्या हातातली होती, त्यांना गंजिफा परक्या वाटण्याचे कारण नव्हते. दशावतारी डावाबरोबर मोगल घाटाचा शहाण्णव पानांचा डावही तेथे होत असे. त्यास चंगकांचनी म्हणत.

पान तयार करण्याची रीत ऐकावयास साधी असली तरी करावयास चिकाटीची आहे. पूर्वी त्यासाठी जुने, मऊ झालेले सुती कापड घेत. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्यांची खळ करीत आणि त्या खळीने कापडाचे थर एकमेकांवर चिकटवीत. वरून खळीत कालवलेल्या खडूचा हात दोन्ही बाजूंस देत, उन्हात वाळवीत आणि गुळगुळीत दगडाने घोटीत. घोटून घोटून त्या चिंधीला पुठ्ठ्याचा ताठपणा आणि शिंपल्याची झाक येई. मग वाटोळ्या चकत्या कापून त्यांवर जमिनीचा रंग द्यावयाचा, कडेने वर्तुळे ओढावयाची आणि शेवटी बारीक ब्रशाने चित्रे काढावयाची. ओल्या हवेपासून आणि खेळणाऱ्यांच्या घामट हातांपासून रक्षण व्हावे म्हणून वर लाखेचे रोगण चढविले जाई. पुढे कापडाच्या जागी कागद आला, पण बाकीचे काम बहुतेक तसेच राहिले. ओरिसातील चित्रकारांच्या घरी आजही कापडाला खळ देण्याचे काम बहुधा स्त्रिया करतात. चित्रावर नाव पुरुषाचे असले तरी त्याच्या पाठीमागे सगळ्या घराचे हात असतात.

या कामात श्रम किती असत याचा हिशेब पाने मोजून सहज करता येतो. एका रंगात एकपासून दहापर्यंतची पाने. म्हणजे त्यांवरील चिन्हे मिळून पंचावन्न. दहा रंगांची चिन्हे साडेपाचशे. त्यांखेरीज दहा राजे आणि दहा प्रधान. एक डाव पुरा करावयाचा म्हणजे चिताऱ्याने पंचावन्न मासे, पंचावन्न कासवे, पंचावन्न परशू रंगवावयाचे, आणि तेही अशा समानतेने की पाठीमागून वा कडेवरून कोणते पान कोणते हे ओळखू येऊ नये. चुकीला येथे केवळ सौंदर्याची बाधा नव्हती. एखाद्या पानावर ओळखीची खूण राहिली तर सगळा डावच खोटा पडे. राजेरजवाड्यांसाठी हस्तिदंताच्या आणि कासवाच्या कवचाच्या गंजिफा होत. परंतु कापडाच्या आणि कागदाच्या बाजारी गंजिफांनीच हा खेळ सामान्य घरांपर्यंत नेला.

या श्रमांवर घाला आला तो छापखान्यातून. चार रंगांचे युरोपीय पत्ते पोर्तुगीजांबरोबर फार पूर्वीच किनाऱ्यावर उतरले होते. पण एकोणिसाव्या शतकात यंत्रावर छापलेले डाव स्वस्त झाले, तेव्हा हाताने रंगविलेल्या पानांचा टिकाव लागेना. बावन्न पाने हातात मावत, खिशात राहात, त्यांचे नियम चटकन समजत. एकशे वीस वाटोळ्या पानांचा डाव शिकवावयास आजोबा लागत आणि खेळावयास सबंध दुपार लागे. १९४८ साली सावंतवाडी संस्थान विलीन झाले आणि दरबारी आश्रयही सरला. गिऱ्हाईक नाही म्हणून चितारी गंजिफा करीनात, आणि गंजिफा मिळत नाहीत म्हणून खेळणारे नवे तयार होईनात, असे ते चक्र फिरत राहिले.

१९७० च्या सुमारास स्थिती अशी झाली होती की गंजिफा करण्याची पुरी माहिती असलेले पुंडलिक चितारी हे एकच वृद्ध कारागीर सावंतवाडीत उरले होते. संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांच्या मनाने ही गोष्ट घेतली. सत्त्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या. त्यांनी केवळ आश्रयदात्याची भूमिका न घेता त्या वृद्ध चिताऱ्याकडून ही विद्या स्वतः शिकून घेतली आणि मग तरुण मुलामुलींना हाताशी धरून शिकविली. राजवाड्याच्या दरबारगृहात कामाची बैठक सुरू झाली. ज्या दालनात पूर्वी मुजरे होत, तेथे ब्रशांच्या वाट्या मांडल्या गेल्या. सत्त्वशीलादेवी २०१८ साली निवर्तल्या. परंतु त्यांनी बसविलेले काम चालू राहिले.

याच सुमारास अभ्यासकांचेही लक्ष इकडे वळले. मुंबईत राहणारे जर्मन वंशाचे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी देशभरातील गंजिफा जमविल्या आणि त्यांचे नियम, प्रकार व शैली यांची नोंद केली. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाने तेथील संग्रहाच्या सूचीसह त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ओसरीवरची वस्तू अशा रीतीने संग्रहालयाच्या काचेआड प्रतिष्ठित झाली.

येथे एक प्रश्न मात्र उरतोच. सावंतवाडीची पाने आज विकत घेतली जातात ती बहुधा भिंतीवर लावण्यासाठी, भेट देण्यासाठी, नक्षीदार पेटीत घालून ठेवण्यासाठी. त्याच चित्रांनी भेटकार्डे आणि लहानमोठ्या लाकडी वस्तूही सजतात. त्यामुळे कारागिराच्या घरी चूल पेटते, आणि ही काही लहान गोष्ट नव्हे. पण ज्या खेळासाठी ही पाने जन्मली तो खेळ महाराष्ट्रात जवळजवळ विसरला गेला आहे. ओरिसात अजून काही गावांतून म्हातारी माणसे संध्याकाळी वाटोळी पाने घेऊन बसतात, आणि तेथे झिजलेल्या डावाच्या जागी नवा डाव लागतो. जेथे पान झिजते तेथेच त्याचे नवेपण टिकते. जेथे ते नुसते जपून ठेवले जाते तेथे एकदा घेतलेला डाव पिढ्यान् पिढ्या पुरतो आणि कारागिराला नवे गिऱ्हाईक शोधीत फिरावे लागते.

सत्त्वशीलादेवींनी आणि पुंडलिक चिताऱ्यांनी हात वाचविला. राहिलेले काम कारागिरांचे नाही, ते गिऱ्हाइकांचे आहे. घरात आणलेली ती नक्षीदार पेटी एखाद्या सुटीच्या दुपारी उघडावी, चाळीस चाळीस पाने वाटावीत, आणि दिवस असेल तर ज्याच्या हाती राम आला असेल त्याने पहिले पान टाकावे. चिताऱ्याने साडेपाचशे चिन्हे रंगविली ती त्या पहिल्या पानासाठीच होती.