'चांदोबा'तील कथाचित्रे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मराठी बालसाहित्याच्या इतिहासलेखनात लेखक, अनुवादक व संपादक यांना जे स्थान मिळते, ते चित्रकाराला क्वचितच मिळते. वस्तुतः बालवाचक कथेत प्रवेश करतो तो प्रथम चित्राच्या द्वारे. या दृष्टीने 'चांदोबा' मासिकाचा विचार करणे उद्बोधक ठरते.

बी. नागी रेड्डी व चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रास येथे 'चंदामामा' सुरू केले. त्याची मराठी आवृत्ती 'चांदोबा' या नावाने १९५२ मध्ये निघाली. मजकूर भाषेगणिक बदलत असे, चित्रे मात्र तीच राहत. त्यामुळे तेलुगू बालकाने पाहिलेला राजा, ऋषी वा राक्षस मराठी बालकानेही पाहिला. या चित्रांतील मंडप, कोरीव स्तंभ, अलंकार व वेशभूषा यांवर दाक्षिणात्य शिल्पपरंपरेची छाप होती. मराठी वाचकाला ती परकी वाटली नाही; त्याने तो 'गोष्टीतला देश' म्हणूनच स्वीकारला. भाषावार प्रांतरचनेच्या वादांनी गाजलेल्या त्या दशकात हे घडावे, याची नोंद इतिहासाच्या अभ्यासकांनी घ्यावयास हवी.

टी. व्ही. राघवन ('चित्रा'), के. सी. शिवशंकरन ('शंकर') व वड्डादि पापय्या ('वपा') हे या मासिकाचे प्रमुख चित्रकार होत. वपांची ख्याती विशेषतः मुखपृष्ठांसाठी होती. शंकर यांनी मद्रासच्या कला विद्यालयात रीतसर शिक्षण घेतले होते. चित्रा स्वयंशिक्षित होते. तथापि विक्रम-वेताळाचे शंकर यांनी रेखाटलेले चित्र या सर्वांत अधिक दीर्घायुषी ठरले. हाती तलवार, खांद्यावर प्रेत आणि भोवती स्मशानातील काळोख. मूळ 'वेतालपंचविंशती'त कथा पंचवीसच. मासिकाने मात्र नव्या कथा रचून ही मालिका अनेक दशके चालविली. कथा दरमहा नवी, राजाचे चालणे तेच. परिचिताच्या दारातून अपरिचितात नेण्याचे कार्य या चित्राने केले. त्याचे आकर्षण भीतीत होते असे सामान्यतः मानले जाते. परंतु पुनःपुन्हा भेटणाऱ्या भीतीला एक प्रकारचा जिव्हाळाही येतो. (कीर्तनातील ठरावीक पूर्वरंगाची येथे आठवण व्हावी.)

'चंदामामा'चे प्रकाशन २०१३ मध्ये थांबले. एकच चित्र अनेक भाषांत वापरण्याची पद्धत मात्र संपलेली नाही. 'प्रथम बुक्स' या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संगणकीय मंचावर मराठीसह अनेक भाषांतील सचित्र कथा उपलब्ध आहेत. तेथे लेखकाबरोबर चित्रकाराचेही नाव दिले जाते. हा फरक गौण नव्हे. 'चांदोबा'चा वाचक 'शंकर' ही कोपऱ्यातील सही ओळखत असे, पण त्या सहीमागील मनुष्याविषयी त्याला फारसे ठाऊक नसे. शिवशंकरन यांचे सप्टेंबर २०२० मध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षानंतर निधन झाले. पद्मश्री हा सन्मान त्यांना २०२१ मध्ये, मरणोत्तर जाहीर झाला.