कंदातला देव, टोपलीतला देव

उपवासाचा साबुदाणा आपल्याकडे कसावाच्या कंदापासून होतो. कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचे तेच मुख्य अन्न, आणि युकाहू हा त्या कंदाचा देव. तीन टोकांच्या दगडी मूर्तींमुळे पीक पोसते, अशी त्यांची श्रद्धा होती.

१४९५ च्या सुमारास कोलंबसाने हुकूम काढला: सोन्याच्या मुलखातील चौदा वर्षांवरील प्रत्येकाने दर तीन महिन्यांस घुंगूरभर सोने भरावे. पुढे त्यांचा नायक हातुए याने सोन्याची टोपली दाखवून, परक्यांचा देव तो हाच, असे आपल्या माणसांस सांगितल्याचे लास कासास लिहितो. स्पॅनिशांनी त्याला १५१२ साली क्यूबात जिवंत जाळले.

दिवाळीत पेढीवर वहीपूजन होते. त्याच वहीकडे बोट दाखवून मालक बोनस नाकारतो, तेव्हा मला ती टोपली आठवते. पुजावे काय, पीक की आकडा?