लाटणगिरणी आणि तिचे प्रयोगशाळेतील अनुकरण

तापलेल्या पोलादाची लादी दोन रुळांमधून जाताना रुळांवर नेमका किती भार येतो, या प्रश्नाचे उत्तर गिरणीतच शोधणे फार महाग पडते. चालू गिरणी प्रयोगासाठी थांबविता येत नाही, आणि अंदाज चुकल्यास रूळच मोडतो. म्हणून हा प्रश्न प्रयोगशाळेत आला. मूळ क्रियेतील काय राखावयाचे व काय सोडावयाचे, हा तेथला खरा वाद होय.

सर्वांत सरळ मार्ग लहान गिरणी उभारण्याचा. सर्व मापे एकदशांश केली आणि रुळांचे मिनिटागणिक फेरे तेच ठेवले, तर धातूचा आकार पालटण्याची गती, म्हणजे विकृतिवेग, बदलत नाही. उष्णता मात्र हे प्रमाण मानीत नाही. वहनाने निवण्यास लागणारा काळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. लादी दहापट पातळ झाली की तो शंभरपट घटतो. छोटी लादी थंड रुळांचा स्पर्श होताच निवते, आणि मोठ्या लादीविषयी तिची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

तेव्हा पदार्थच बदलण्याची युक्ती निघाली. शिशाचे पुनःस्फटिकीभवन साध्या तापमानालाही होते. म्हणून ते तप्त पोलादाच्या जागी वापरता येते. १९५१ साली ए. पी. ग्रीन यांनी प्लॅस्टिसीन या मुलांच्या खेळातील मातीचे नमुने धातूच्या प्रवाहाचा अभ्यास करण्यास उपयोगी पडतात, हे दाखविले. रंगीत थरांची अशी लादी लाटून मग कापली, की आतील थर कसे वाकले ते डोळ्यांना दिसते. पोलादाच्या भाराचा आकडा मात्र त्यातून थेट मिळत नाही.

भाराचे गणित थेओडोर फॉन कार्मान यांनी १९२५ मध्ये मांडले होते. लाटताना धातूचे उभे छेद सपाटच राहतात, हे त्यांचे गृहीत. १९४३ मध्ये एगॉन ओरोवान यांनी ते सोडून दिले. (दोघेही जन्माने बुडापेस्टचे.) तरीही समीकरणात एक जागा रिकामीच होती: त्या तापमानाला व त्या वेगाला धातू किती प्रतिरोध करतो?

येथे प्रतिकृती हा शब्द अपुरा पडू लागतो. ओरोवान यांच्या कॅम प्लास्टोमीटरमध्ये रूळ नाहीतच. तापविलेला छोटा नमुना दोन पृष्ठांमध्ये चेपला जातो. उंची घटत असता दाब देणारे पृष्ठ एकाच गतीने पुढे आले, तर विकृतिवेग वाढत जाईल. म्हणून लघुगणकीय आकाराचा कॅम ती गती उंचीच्या प्रमाणात कमी करीत नेतो. गिरणीत विकृतिवेग स्थिर नसतोच. रुळांबाहेर पडताना तो शून्यावर येतो. म्हणजे निर्भेळ आकड्यासाठी गिरणीशी असलेले साम्य जाणूनबुजून सोडले गेले, आणि ते योग्यच झाले. १९५४ मध्ये ऑल्डर व फिलिप्स यांनी ॲल्युमिनियम, तांबे व पोलाद यांचे प्रतिरोध प्रसिद्ध केले, ते याच पद्धतीने.

वॉट्स व फोर्ड यांनी रुंद पट्टी अरुंद साच्यांमध्ये दाबली, जेणेकरून ती लाटलेल्या पत्र्याप्रमाणे लांबीतच वाढावी. पुढे तप्त दांडीला पीळ देण्याची पद्धती रूढ झाली. सेलर्स व टेगार्ट यांचा १९६६ चा निबंध तिच्याशीच निगडित आहे. पीळ, विराम, पुन्हा पीळ, आणि दरम्यान उतरते तापमान, अशा क्रमाने गिरणीतील अनेक फेऱ्या एकाच दांडीवर उतरविता येतात. परंतु त्या दांडीला रूळ कधी स्पर्शत नाही. घर्षण आणि पृष्ठभागावरील ऑक्साइडची खपली यांच्या अभ्यासासाठी संशोधकाला छोट्या गिरणीकडेच वळावे लागते.