वॉटर कप

लोणंदहून साताऱ्याकडं निघालं की साल्प्याचा घाट लागतो. घाटाच्या अलीकडं आम्ही नीरेच्या खोऱ्यातले. वीर धरणाच्या उजव्या कालव्याचं पाणी जिथं पोचलं, तिथं ऊस आला. घाटापलीकडं आदर्की, वाठार आणि पुढं कोरेगाव तालुक्यातली कोरडी गावं. तिकडं लेक द्यायची म्हटलं की आमच्या आयाबाया आधी विहिरीची चौकशी करायच्या, मग नवऱ्यामुलाची.

२०१६ चा उन्हाळा आठवला तरी घसा सुकतो. त्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. त्याच महिन्यात पानी फाउंडेशनची पहिली सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धा सुरू झाली. राज्यातले तीनच तालुके निवडले होते : वरुड, अंबाजोगाई आणि आमच्या जिल्ह्यातलं कोरेगाव. गावं ११६, मुदत ४५ दिवस आणि पहिलं बक्षीस ५० लाख. आमीर खानचं नाव होतं म्हणून पेपरात रोज बातमी यायची. आमच्या पारावरच्या म्हाताऱ्यांना मात्र ‘कप’ म्हणजे क्रिकेटचाच वाटला होता.

कॉलेजात असताना मी राष्ट्रीय सेवा योजनेत होतो. सात दिवसांचं शिबिर, थोडं खणायचं, रात्री गाणी, शेवटी प्रमाणपत्र. त्याच सवयीनं मे महिन्यात दहा-बारा पोरं जीपमध्ये घालून एक दिवसाच्या श्रमदानाला वेळू गावी गेलो. तिथलं काम निराळं होतं. गावातली काही माणसं आधी प्रशिक्षण घेऊन आली होती आणि तीच बाकीच्यांना शिकवत होती. दंतवैद्य असूनही साताऱ्याचे डॉ. अविनाश पोळ कितीतरी वर्षं गावोगाव हेच सांगत फिरले होते, त्यामुळं जमीन आधीच थोडी नांगरलेली होती म्हणा ना.

विशीतल्या एका पोरीनं आम्हाला ए-फ्रेम दाखवली. दोन काठ्या, मध्ये आडवी पट्टी, दोरीला लोंबता दगड. दोरी पट्टीच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथं फक्की टाकायची, पुढं सरकायचं. त्या रेघेवर चर खणला की डोंगरावरनं पळणारं पाणी थांबतं, जिरतं. एक घनमीटर खड्ड्यात हजार लिटर मावतं. हा हिशेब ती टिकाव मारत्या माणसांना मध्येच विचारायची आणि काका-मामाच्या वयाची माणसं निमूट उत्तर द्यायची. एरवी निवडणुकीनंतर एकमेकांच्या दारावरनं न जाणारी माणसं एका रांगेत घमेली पुढं सरकवत होती. पुढारपण म्हणजे काय, हे मला कुठल्याच शिबिरात इतकं नीट दिसलं नव्हतं.

पहिला नंबर वेळूचाच आला. पुढं स्पर्धा फोफावली, २०१८ ला ७५ तालुके झाले आणि ७५ लाखांचं पहिलं बक्षीस माण तालुक्यातल्या टाकेवाडीनं आणलं. म्हणजे पुन्हा साताराच. बक्षीस एकट्या कुणाच्या नावावर नसतं, ते गावाचं असतं, ही मला त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते.

पण खणणं त्या मानानं सोपं. जिरलेल्या पाण्यावर पीक कुठलं घ्यायचं, हे ठरवणं अवघड. नीरेपलीकडं पुरंदरात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीप्रमाणं नाही, घरातल्या माणसांप्रमाणं. माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा आणि ऊस बंद. ‘ऊस बंद’ म्हणायला ४५ दिवस पुरत नाहीत. पानी फाउंडेशननंही पुढं स्पर्धेचं रूप बदललं. आधी समृद्ध गाव आणि मग शेतकऱ्यांच्या गटांचा फार्मर कप.

वेळूहून परतताना घाट उतरता उतरता मी नायगावची ही सगळी कथा पोरांना सांगत होतो. अडीच एकरापाशी आलो आणि मागं वळून बघितलं, तर फोडं आलेले हात मांडीवर उताणे टाकून सगळी गाढ झोपलेली.