उन्हाळी जेवणासाठी पांढरी वाईन निवडताना

गोव्यातील बहुसंख्य घरांत ‘वाईन’ हा शब्द उच्चारला की अजूनही नाताळात केकबरोबर येणारी गोड, तांबडी पोर्ट वाईनच डोळ्यांसमोर उभी राहते. एप्रिल-मेच्या दमट दुपारी मात्र ती जिभेला जड होते आणि माशाशी तर तिचे मुळीच जुळत नाही. या दिवसांत ताटात तिसऱ्या, सुंगटे, कैरी आणि ओले खोबरे असते. त्यांच्या जोडीला हलकी, आंबटसर, थंड पांढरी वाईन अधिक शोभते. अडचण एवढीच, की दुकानात मांडलेल्या बाटल्यांतून नेमकी कोणती उचलावी हे कळत नाही. हजार-दीड हजार रुपये मोजून आणलेली बाटली हुमणासमोर कडवट लागली, की पुन्हा त्या वाटेला कोणी जात नाही.

निवडीचा पहिला निकष आंबटपणा हा होय. जेवण जितके आंबट, निदान तितकी वाईन आंबट असावी; अन्यथा ती पाणचट लागते. दुसरा निकष तिखटाचा. मद्यार्क तिखटाचा दाह वाढवतो, तर किंचित गोडवा तो शमवतो. त्यामुळे आंबट-तीकसारख्या पदार्थाबरोबर १४ टक्के मद्यार्काची कोरडी वाईन घेणे म्हणजे आगीत तेल ओतणे. तिसरी गोष्ट लाल वाईनची. मासळीबरोबर ती घेतल्यावर तोंडात धातूसारखी, हिमूस चव रेंगाळते, हा अनेकांचा अनुभव आहे. या चवीचा संबंध लाल वाईनमधील लोहाशी असल्याचे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले. पांढऱ्या वाईनमध्ये लोह सहसा कमी असते.

आपल्याकडे सहज मिळणाऱ्या बाटल्यांत नाशिकच्या सॉव्हिन्यॉन ब्लां आणि शेनिन ब्लां या दोन प्रमुख होत. दोन्ही द्राक्षे मूळची फ्रान्समधील. नाशिकच्या सुला कंपनीने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांची लागवड केली आणि २००० साली तिची पहिली वाईन बाजारात आली. युरोपात द्राक्षांची तोडणी पावसाळ्याअखेरीच्या महिन्यांत होते. नाशकात मात्र ती जानेवारी ते मार्च या काळात होते, कारण थंडीतील गार रात्रींमुळे द्राक्षांतला आंबटपणा टिकतो.

सॉव्हिन्यॉन ब्लांला हिरव्या ढोबळी मिरचीचा, कापलेल्या गवताचा वास असतो. हा दोष नव्हे, त्या द्राक्षाचा स्वभावच आहे. कोथिंबीर, हिरवी मिरची आणि लिंबू असलेल्या सगळ्या पदार्थांशी तिचे सूत जमते: रवा लावून तळलेली सुंगटे, हिरव्या वाटणातले चोणक, सुक्या सुंगटांची किसमूर. शेनिन ब्लांची गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या अनेक शेनिनमध्ये थोडी साखर राखलेली असते. जाणकार म्हणवणारे नाक मुरडतात, पण तिखट ताटासाठी हाच गोडवा उपयोगी पडतो. तिरफळ घातलेले हुमण, आंबट-तीक, इतकेच काय, आंब्याचे सासवसुद्धा तिच्याबरोबर छान लागते. नारळाचा दाट रस असलेल्या कढीला मात्र या दोन्ही वाईन तोकड्या पडतात. तिथे थोडी भारदस्त शार्डोने घ्यावी, पण लाकडी पिंपात फार काळ मुरवलेली नको.

आयात बाटली घ्यायचीच असेल तर पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यातील मिन्यो प्रदेशाची विन्यो व्हेर्दे पाहावी. ‘व्हेर्दे’ म्हणजे हिरवी खरी. पण येथे रंग अभिप्रेत नसून ताजेपणा, कोवळेपणा अभिप्रेत आहे, आणि या नावाने लाल वाईनही विकली जाते. १९०८ साली या प्रदेशाची हद्द कायद्याने आखण्यात आली. साध्या पांढऱ्या विन्यो व्हेर्देत मद्यार्क बहुधा ९ ते ११.५ टक्के असतो आणि जिभेवर बारीक बुडबुडे जाणवतात. वाफवलेल्या तिसऱ्या किंवा कालवांबरोबर यापेक्षा चांगली वाईन सुचवणे कठीण आहे. आल्व्हारिन्यो द्राक्षाची बाटली अधिक भरीव आणि महाग असते. ती चोणक-विसवणासाठी राखून ठेवावी.

सोलकढी असेल त्या जेवणात वाईन उघडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोकमाच्या आंबटपणापुढे कोणतीच वाईन टिकत नाही आणि सोलकढीलाही तिची गरज नाही.

खरेदी करताना लेबलवरील वर्ष अवश्य वाचावे. साध्या पांढऱ्या वाईन मुरवण्यासाठी नसतात; दोन वर्षांहून जुनी बाटली टाळावी. याहून महत्त्वाचे म्हणजे बाटली कुठे ठेवली होती ते पाहावे. गेल्या मे महिन्यात एका दुकानाच्या उन्हाकडील काचेच्या कपाटातून मी मोठ्या हौसेने बाटली आणली. घरी उघडली तेव्हा रंग पिवळसर तपकिरी आणि चव शिजवलेल्या सफरचंदाची. उष्णतेने नासलेली वाईन थंड केल्याने सुधारत नाही. घेतलेली बाटलीही बंद गाडीत ठेवून बाजारहाट करीत फिरू नये.

वाईन ८ ते १० अंशांवर प्यावी. फ्रिजमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबले की ती या तापमानाला येते. घाई असल्यास बादलीत नुसता बर्फ न घालता बर्फ आणि पाणी दोन्ही घालावे. वीसेक मिनिटांत काम होते, कारण पाणी बाटलीला सर्व बाजूंनी भिडते. पेल्यात बर्फ टाकल्यास वाईन पातळ होते, तरी उकाड्यात कोणी टाकला तर त्याला नावे ठेवू नयेत.

थंड पांढरी वाईन सरबतासारखी पटकन घशाखाली उतरते, हे मात्र ध्यानात असू द्यावे. १२ टक्क्यांच्या वाईनच्या १५० मिलिलिटर पेल्यात सुमारे १८ मिलिलिटर मद्यार्क असतो. ५ टक्क्यांच्या बिअरच्या ३३० मिलिलिटर पाइंटमध्ये तो साडेसोळाच्या आसपास भरतो. म्हणजे एक पेला पाइंटहून कमी नाही. प्रत्येक पेल्यामागे तितकेच पाणी प्यावे आणि गाडी चालवायची असेल त्याने बाटलीकडे वळू नये.

उरलेली बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवल्यास दोन-तीन दिवस चांगली राहते. त्यानंतर ती पिण्याजोगी उरली नाही, तरी तेलावर लसूण परतून त्यात तिसऱ्या टाकाव्यात, वरून अर्धी वाटी वाईन ओतून झाकण ठेवावे. शिंपले उघडले की तिसऱ्या तयार.